टेकाडावरची शाळा

त्या वस्तीत पोरांना सातवीपर्यंत डोकं असायचं आणि त्यानंतर नुसते हात. सातवीचा निकाल लागला की दुसऱ्याच दिवशी मुकादम दारात यायचा, पोराला वरपासून खालपर्यंत न्याहाळायचा आणि म्हणायचा, "झालं ना शिकून? चल मग."

वीटभट्ट्यांची वस्ती ती. बापाचं घमेलं पोराच्या डोक्यावर जायचं, आईच्या डोक्याचं फडकं पोरीच्या डोक्यावर. शाळा होती, पण सातवीपर्यंतच. पुढचं शिकायचं तर शहरात, आणि शहराला जायचा रस्ता ट्रकांचा. चालत निघालेलं पोर शाळेत पोचायचं तेव्हा तिथली मधली सुट्टी संपलेली असायची. तरी मागं दोघी मैत्रिणी जात होत्या. एकीला ट्रकनं उडवलं. दुसरी आपणहून मुकादमापुढं जाऊन उभी राहिली. त्यानंतर त्या रस्त्याचं कुणी नाव काढलं नाही.

या वस्तीत एक बाई होती, तिला सगळे तोफ म्हणत. बाई दिसायला एवढीशी, पण आवाज असा की तिनं नवऱ्याला जेवायला हाक मारली की पलीकडच्या भट्टीवरचे लोकही हात धुऊन बसायचे. एकदा तिनं मांजराला हाकललं तर म्हणे ते मांजर अजून पळतंय. तिच्या नवऱ्याला मुका म्हणत. त्याला बोलता येत होतं, चांगलं येत होतं, पण या बाईशी लग्न झाल्यावर तशी गरजच उरली नाही. दोघांना दोन लेकरं. धाकटा अजून पाटीवर रेघोट्या मारायचा. थोरली सातवीत होती, आणि तिला प्रश्न विचारायची खोड होती.

"आई, वीट भाजली की लाल का होते?"

"लाजते म्हणून. तू साचा धू."

"मग जास्त भाजली की काळी का पडते?"

"तुझ्या असल्या प्रश्नांनी. धू म्हटलं ना."

तोंडानं अशी उडवून लावायची, पण वीट थापताना तोफेच्या मनात तेच घोळायचं. उकिडवं बसायचं, साच्यात वाळू भुरभुरायची, चिखलाचा गोळा आपटायचा, वरचा जादा हातानं कापायचा, साचा उलटा करायचा आणि बसल्या बसल्याच एक पाऊल मागं सरकायचं. सकाळी भट्टीकडं तोंड करून बसलेली बाई संध्याकाळपर्यंत सरकत सरकत पार नाल्याला टेकायची. अशी ती आयुष्यभर उलटीच चालत आली होती. गुडघे उठताना वाजायचे, टाचांच्या भेगांत माती इतकी मुरली होती की धुऊनही निघायची नाही. थोरलीच्या टाचा अजून गुळगुळीत होत्या. पोर झोपली की तोफ तिच्या टाचांवरून अंगठा फिरवून बघायची आणि मग गुपचूप पांघरूण ओढायची.

यंदा मुकादमानं आधीच सांगून ठेवलं होतं. हा मुकादम असा काटकुळा की भर दुपारी त्याची सावली शोधावी लागायची, पण जीभ दणकट. खोलीच्या दारात उभा राहून म्हणाला, "मालकाच्या खोल्या कमी पडतायत, बाई. तुमच्या खोलीत खाणारी तोंडं जास्त आणि काम करणारे हात कमी. पोरगी सुटली की जरा बरं होईल."

"सुटली म्हणजे?" तोफेनं विचारलं.

"शाळेतून."

"ती पुढं शिकणारे."

"कुठं?"

तोफेच्या तोंडून आवाज निघाला नाही, असं वस्तीत पहिल्यांदा झालं असेल. मुकादम दाराला हात लावून निघून गेला, पत्र्यावर त्याच्या बोटांचे ठसे उमटले.

दुसऱ्या दिवशी ती आगवाल्याकडं गेली. आगवाला म्हणजे भट्टी पेटवणारा आणि राखणारा माणूस. भुवया कधीच्या जळून गेलेल्या, त्यामुळं बिचारा कायम नवल वाटल्यासारखा दिसायचा. त्याचीही मुलगी सातवीतच होती.

"काका, आपण इथंच पुढची शाळा मागू."

"कुणाकडं?"

"सरकारकडं."

"सरकार कुठं बसतं ते तुला ठाऊक आहे का?"

"मास्तरांना ठाऊक असेल."

मास्तरांना ठाऊक होतं, पण तिथं जायची भीती वाटत होती. हो-ना करता करता सगळ्या आईबापांनी एका सुट्टीच्या दिवशी त्यांना मधे घातलं, दोन्हीकडून धरल्यासारखं, आणि शहरातल्या कचेरीत नेलं. सगळ्यांनी धुतलेले कपडे घातले होते. पण भट्टीची लाल धूळ अशी की कपडे धुतले तरी अंगातून बाहेर येते. शिपायानं बाकाकडं बघितलं, यांच्याकडं बघितलं, आणि आतून जुनी वर्तमानपत्रं आणून दिली.

आगवाल्यानं घडी उलगडली. "वाचायला दिलंय वाटतं. माणसं चांगली आहेत."

"वाचायला नाही," शिपाई म्हणाला. "बुडाखाली घ्यायला. बाक लाल होतात."

मास्तर बसलेच नाहीत. तोफ कागद हातात धरून भिंतीला टेकून उभी राहिली, मग आठवण झाली आणि भिंतीपासूनही लांब झाली.

साहेब माणूस वाईट नव्हता. त्यानं सगळं ऐकून घेतलं, अगदी तोफेनं सुरुवात केली तेव्हा बाहेरून दोघे काय झालं म्हणून डोकावून गेले, तरी ऐकून घेतलं. मग म्हणाला, "शिक्षक मी देईन. पण इमारतीला आमच्याकडं काही नाही. गावानं जागा दाखवायची, विटांची, बांधकामाची तयारी करायची. नदीपलीकडच्या गावानंही शाळा मागितलीय. दोघांत एकच मिळणार. पावसाच्या आधी मी दोन्हीकडं येऊन बघेन. ज्याची तयारी, त्याची शाळा."

"विटांचं म्हणताय?" तोफ म्हणाली आणि सगळ्यांकडं वळून हसली. सगळेच हसले. परत येताना त्या ट्रकच्या रस्त्यावरून सगळे गात आले असं काही जण सांगतात. गाणं कुणाला आठवत नाही, पण मुकाही गुणगुणत होता म्हणे.

राहिली जागा. मालकाच्या भट्ट्यांच्या कडेला एक टेकाड होतं. त्याच्यावर काही उगवायचं नाही, त्याला ट्रक चढायचा नाही. मालक गुबगुबीत माणूस, त्याचं हसू पोटात सुरू व्हायचं आणि तोंडापर्यंत यायला चांगला वेळ लागायचा. तो सगळ्यांसमोर खुर्चीवर बसून म्हणाला, "शाळेचं काम आहे. दिलं टेकाड."

"आणि भाजायला, मालक?" आगवाल्यानं विचारलं.

"हंगामात एक भट्टी तुमची. कोळसा माझा घ्या. फक्त माती तुमची तुम्ही बघा. खाणीतली माती मला गिऱ्हाइकांनाच पुरत नाही."

माणसं खाली माना घालून विचार करायला लागली. मातीशिवाय वीट कशी करायची. आणि तेव्हा तोफ बोलली. पुढं तिला हे सगळ्यांनी ऐकवलं आणि तिनं स्वतःला तर सगळ्यात जास्त ऐकवलं, पण त्या दिवशी ते बोलणं सगळ्यांना सोन्यासारखं वाटलं.

"टेकाडच खणू की," ती म्हणाली. "नाहीतरी ते सपाट करायला लागणारच. माती विटांना होईल आणि जागा शाळेला होईल. एका खणण्यात दोन्ही कामं."

मुक्यानं तिच्याकडं बघितलं. "वा," तो म्हणाला. त्या साली तो बोललेला हा पहिला शब्द असावा.

मग काय, कामावरून सुटलेले आईबाप उजेड असेपर्यंत टेकाडावर जायला लागले. दिवसभर मालकाच्या विटा, संध्याकाळी शाळेच्या. बाप टिकाव मारायचे, आया घमेली वाहायच्या, पोरं चिखल तुडवायची. थोरलीही तुडवायची आणि तुडवता तुडवता विचारायची, "आठवीची खोली कुठल्या बाजूला येणार?"

"उन्हाच्या उलट्या बाजूला."

"फळा कुठल्या भिंतीला?"

"तुझ्या तोंडासमोरच्या. पाय चालव."

पहिल्या विटा सगळ्या तडकल्या. टेकाडाच्या वरच्या मातीत वाळू फार होती. वाळत ठेवलेल्या विटांना अशा चिरा पडल्या की जणू प्रत्येक विटेला म्हातारपण आलं. आगवाल्यानं एक हातात घेतली तर तिच्या दोन झाल्या.

"खाली चांगली माती असेल," मुका म्हणाला. तो आता बोलायलाच लागला होता.

आणि होतीच. टेकाड उतरून ते रस्त्याच्या पातळीला आले, जमीन सपाट झाली, आणि तिथं टिकावाला अशी माती लागली की त्या वस्तीनं तशी कधी बघितली नव्हती. काळसर, चिकट, बोटांत घेतली तर लोण्यासारखी. दाबली की बोटांच्या रेषा तिच्यावर उमटायच्या. एका म्हाताऱ्या थापणारीनं तर ती चाखून बघितली आणि डोळे मिटून घेतले. मालकाच्या खाणीतसुद्धा असली माती नव्हती.

थांबायची जागा ती होती. जमीन सपाट झाली होती. पण वीट थापणाऱ्या माणसाला चांगली माती दिसली की तो थांबत नाही. ती कुठं संपते ते बघितल्याशिवाय त्याला जेवण जात नाही. मातीचा पट्टा तिरका खाली जात होता आणि माणसं त्याच्यामागं खाली जात होती. हेच सगळे आयुष्यभर करत आले होते. माती दिसली की खणायची, संपली की पुढच्या शेताला लागायचं. मागं राहिलेल्या खड्ड्याकडं कोण बघतं.

साच्यातून विटा निघाल्या त्या आरशासारख्या. रांगेनं वाळत पडल्या. आणि अवेळी एक सर आली, फार नाही, माणसाच्या डोक्याचं फडकं ओलं व्हावं इतकी, पण कच्च्या विटेला तेवढी पुरते. सकाळी जाऊन बघतात तर विटांच्या जागी नुसते उंचवटे, कोपरे विरघळून गेलेले. बायका त्यांच्याकडं बघत उभ्या राहिल्या. कुणी रडलं नाही. रडण्यात पाणी घालवण्यापेक्षा चिखलात घालवलेलं बरं, असं आगवाल्याची बायको म्हणाली आणि सगळ्या पुन्हा घमेली उचलायला लागल्या. विरघळलेल्यांची माती वाहून गेलेली, म्हणून आणखी खणायला लागलं.

आणखी खोल गेल्यावर एका संध्याकाळी मुक्याचा टिकाव मातीत रुतला आणि बाहेर आला तो ओला. त्या भोकातून पाणी वर आलं. थोडं थांबलं, मग आणखी आलं.

"पाणी लागलं," मुका ओरडला. त्याचा आवाजही तोफेसारखा निघतो हे तेव्हा कळलं.

काय आनंद झाला त्या माणसांना. तोवर चिखलाचं पाणी नाल्यावरून डोक्यावर आणायला लागायचं, माना मोडायच्या. आता पाणी जिथल्या तिथं. पोरं त्यात उड्या मारायला लागली. आगवाल्यानं मातीचा एक गोळा करून मुक्याच्या पाठीत मारला, मुक्यानं दोन परत मारले. बायकांनी तोंडं धुतली, एकमेकींवर पाणी उडवलं. तोफ काठावर बसून पाय बुडवून होती आणि जन्मात पहिल्यांदा तिच्या टाचा मऊ पडल्या होत्या.

थोरली तिच्याशेजारी येऊन उभी राहिली. खाली पाण्याकडं बघत होती.

"आई."

"काय?"

"शाळा कुठं बांधायची?"

"इथंच."

"इथं म्हणजे पाण्यात?"

तोफेनं पाय बाहेर काढले. खाली बघितलं. मग वर बघितलं, जिथं टेकाड होतं तिथं. तिथं नुसतं आभाळ होतं. पोरीवर आजवर तिनं कधी हात उगारला नव्हता, पण त्या वेळी तिनं तिच्या दंडाला धरून असं ओढलं की पोरगी चिखलात बसली. "सारखे प्रश्न, सारखे प्रश्न," तोफ म्हणाली. "घरी जा."

त्यावर आईबापांची बैठक झाली. कुणीच कुणाच्या तोंडाकडं बघत नव्हतं. मास्तर म्हणाले, "तुम्ही एवढे सगळे जण खणत होतात. एकाच्याही लक्षात आलं नाही?" कुणाच्याही आलं नव्हतं. तसं म्हटलं तर मास्तरही रोज काठावर उभे राहून शाबासकी देत होते.

"भरून काढू," आगवाला म्हणाला. "भट्टीची राख टाकू, फुटक्या विटांची खापरी टाकू."

विटा भाजल्या. त्या कामात मात्र कुठं काही चुकलं नाही. आगवाला भट्टीवरून हललाच नाही, तिथंच जेवला, तिथंच झोपला. भट्टी उघडली तेव्हा एकही वीट पिवळी नव्हती की काळी नव्हती. एकमेकींवर ठोकली की घंटेसारखी वाजायची. वस्तीतली माणसं येऊन येऊन वाजवून जायची. खड्ड्यात मात्र घमेल्यामागून घमेलं राख टाकली, ती पाण्यावर तरंगत राहिली. खापरी टाकली, ती बुडाली आणि पाणी तेवढं वर आलं. मग मुकादमानं राख देणंही बंद केलं. राखेला गिऱ्हाईक होतं म्हणे.

साहेब आला तो सकाळचा. पोरांना धुऊन पुसून रांगेत उभं केलं होतं. थोरलीच्या केसांना तोफेनं एवढं तेल लावलं होतं की माशा बसून घसरत होत्या. विटांची थप्पी रस्त्याकडंच रचली होती, मुद्दाम, साहेबाची नजर आधी तिथं जावी म्हणून. आणि गेलीच. साहेबानं एक वीट उचलली, तिच्यावर बोटानं टकटक केलं, मग दुसरी उचलून दोन्ही ठोकल्या. नाद ऐकून तो हसला.

"अशा विटा मी बघितल्या नाहीत," तो म्हणाला.

"आमच्या हातच्या आहेत, साहेब," तोफ म्हणाली.

"आणि जागा?"

पोरं रांगेत उभी होती. शेवटी मुक्यानं हात लांब केला. त्याचं बोलणं पुन्हा बंद झालं होतं.

साहेब काठापर्यंत चालत गेला. बुटाला चिखल लागला म्हणून एक पाऊल मागं आला. पाण्यावर राखेची साय आली होती, मधे एक बदक फिरत होतं, कुठून आलं होतं कोण जाणे. साहेब बदकाकडं बघत राहिला. मग त्यानं खिशात हात घातले.

"साहेब, भरून काढू," आगवाला म्हणाला. "पुढच्या हंगामापर्यंत—"

"पुढच्या हंगामाचं मी कसं सांगू? मला आज लिहून द्यायचंय."

"मग दुसरी जागा बघतो. मालक देतील."

मालक खुर्चीवर बसला होता. खुर्ची त्याच्याबरोबर फिरायची, मुकादम उचलून आणायचा. मालकाचं हसू पोटात सुरू झालं आणि सगळे ते वर येईपर्यंत थांबले. "मी जमीन दिली होती," तो म्हणाला. "तळं तुम्ही केलंत. आता किती वेळा देऊ? असू दे. माझ्या भट्ट्यांना पाण्याची सोय झाली, हे तुमचे उपकार."

मुकादम हसला. शिपाईही हसला, साहेबाबरोबर आलेला तोच शिपाई, ज्यानं वर्तमानपत्रं दिली होती.

तोफ पुढं आली. तिनं आवाज लावायचा प्रयत्न केला तेव्हा तो बारीक निघाला, एखाद्या दुसऱ्याच बाईसारखा. "साहेब, चूक माझी आहे. टेकाड खणायचं मी म्हटलं. पोरांचं यात काही नाही. पोरं बघा, उभी आहेत. ही माझी थोरली. हिला काहीही विचारा."

साहेबानं थोरलीकडं बघितलं. आता काहीतरी विचारायला हवं म्हणून विचारलं, "काय व्हायचंय तुला?"

थोरलीनं एकदा आईकडं बघितलं, एकदा पाण्याकडं. आयुष्यात पहिल्यांदा तिला कुणी प्रश्न विचारला होता आणि तिला तो कळला नाही. "आठवीत जायचंय," ती म्हणाली.

साहेबानं मान हलवली. जाताना तो मास्तरांशी हळू आवाजात बोलला. नदीपलीकडच्या गावाकडं जागा होती, चांगली सपाट. त्यांच्याकडं विटा नव्हत्या फक्त.

आईबाप त्यावरही चिकटून राहिले, हे सांगायला हवं. बुडणारा माणूस काहीही धरतो. तोफेनं म्हटलं, आपल्या विटा त्यांना देऊ. बदल्यात आपल्या पोरांना तिथं घ्या आणि नदीवरून ने-आण करा, होडी म्हणा, गाडी म्हणा. आगवाला आणि मास्तर बोलायला गेले. तिथली माणसं चांगली होती, त्यांना ते पटलंसुद्धा. नदी उतरून परत येताना आगवाल्याच्या नसलेल्या भुवया वर गेल्या होत्या. त्या एका संध्याकाळी वस्तीत पुन्हा बोलणं सुरू झालं, पोरी घोळक्यानं फिरल्या, तोफेची हाक पलीकडच्या भट्टीपर्यंत गेली.

सकाळी मुकादम थप्पीपाशी उभा होता. थप्पीभोवती त्यानं दोरी बांधली होती.

"विटांना हात लावायचा नाही. मालकांच्या आहेत."

"कशा काय?" तोफ म्हणाली. "माती आम्ही खणली. थापल्या आम्ही."

"जमीन कुणाची? भट्टी कुणाची? कोळसा कुणाचा?"

"शाळेला दिलं होतं."

"शाळेला दिलं होतं. शाळा कुठाय?"

आगवाला तावातावानं पुढं आला, चार पावलं चालला आणि थांबला. भट्टी पेटवायचं काम त्याचं होतं, पण ते करायला तिथंच उभा असलेला त्याचा पुतण्याही तयार होता, आणि हे मुकादमाला माहीत होतं. मुकादम नुसता त्या पुतण्याकडं बघत राहिला. बाकीचे एकेक करून पांगले. कामाची वेळ झाली होती.

मालकानं विटा नदीपलीकडच्या गावाला विकल्या. चांगल्या भावानं गेल्या असं म्हणतात. ट्रक भरायला माणसं लागली तेव्हा मुकादम खोल्यांच्या रांगेतून फिरला. तोफेच्या दारात थांबून म्हणाला, "पोरीची परीक्षा झाली ना?"

"झाली."

"मग येऊ दे. आजपासून धरतो."

तोफेनं आतून एक धुतलेलं फडकं आणलं, थोरलीला पुढं उभं केलं आणि तिच्या डोक्याला बांधलं. तेल लावलेल्या केसांवरून ते सारखं सरकत होतं. तिनं मागं घट्ट गाठ मारली, इतकी की पोरीच्या भुवया वर ओढल्या गेल्या. मुका खाटेच्या कडेला बसून स्वतःच्या तळव्यांकडं बघत होता.

ट्रक पुलावरून लांबचा फेरा घेऊन पलीकडच्या गावात पोचला तेव्हा ऊन चढलं होतं. मायलेकी विटांवर बसून आल्या, पाठीला पाठ लावून. गावाच्या कडेला सपाट मैदान होतं. गवंड्यानं चुना टाकून शाळेची आखणी केली होती. पांढऱ्या रेघांच्या खोल्या, एकीला एक लागून. जिथं दार यायचं तिथं रेघ तुटलेली.

उतरवायला सुरुवात झाली. ट्रकवर एक जण देणार, खाली बायका डोक्यावर घेणार, गवंडी दाखवेल तिथं रचणार. गावातली एक बाई पाण्याची कळशी घेऊन आली. तिनं विटा हातात घेऊन बघितल्या आणि तोफेला म्हणाली, "छान आहेत हो. तुम्हीच करता?"

"हो."

"तुमची मुलगी का? कितवीत आहे?"

तोफ पाणी प्यायली, उरलेलं तिनं तोंडावर मारलं. "सातवी झाली."

"मग धाडा की इथं. शाळा होतेच आहे आता."

"हो," तोफ म्हणाली. "बघू."

बाई कळशी घेऊन पुढच्याकडं गेली. तोफ वळून बघते तर थोरली तिथं नव्हती. डोक्यावरच्या विटा तिनं थप्पीवर ठेवल्या होत्या आणि ती आखणीपाशी उभी होती. रेघ तुटलेली होती तिथून ती आत शिरली. शेवटच्या खोलीत, उन्हाच्या उलट्या बाजूच्या, ती मधोमध जाऊन उभी राहिली आणि रिकाम्या बाजूकडं तोंड करून थोडा वेळ थांबली. जरा वाकलीही, बसावं की नाही असं, पण बसली नाही.

ट्रकवाल्यानं भोंगा दाबला. मुकादम सरळ रेघांवरून चालत गेला, त्याच्या चपलेनं चुना फिस्कटला. "ए पोरी, इथं काय खेळायला आणलंय का?"

थोरली निघाली. ज्या वाटेनं आत गेली होती त्याच वाटेनं, दारातून, बाहेर आली. येऊन खाली मान घालून विटांसाठी उभी राहिली. तोफेच्या डोक्यावर विटा होत्या आणि गवंडी पलीकडच्या कोपऱ्यातून तिला हात करत होता. सरळ गेलं तर ती खोली मधेच होती, दहा पावलांत काम झालं असतं. मान दुखत होती, गुडघे वाजत होते. तोफ रेघेच्या कडेकडेनं सगळा फेरा मारून गेली, आणि परतही तशीच आली. दिवसभर तशीच येत-जात राहिली. गवंडी दोनदा ओरडला, तिनं ऐकलं नाही.

रिकाम्या ट्रकमधून परत येताना दोघी फळीला टेकून उभ्या होत्या. रस्त्याची धूळ तोंडात जात होती. थोरलीनं हाताची बोटं उघडून बघितली. विटांनी टोकं सोलली होती, तिथं लाल पूड बसली होती.

"आई."

"काय?"

तोफेला वाटलं, आता शाळेचं विचारेल. काय विचारेल आणि आपण काय सांगू, हे तिनं मनातल्या मनात पुलापासून जुळवायला घेतलं होतं आणि काहीच जुळत नव्हतं.

"उद्यापासून मला चिखल तुडवायला घालतील, का साचा देतील?"

नव्या पोरीला पहिला हंगाम चिखलच तुडवावा लागतो. थंडीत पाय फुटतात, आणि साचा हातात यायला कुणाचं तरी बोट धरावं लागतं. तोफेला हे सगळं माहीत होतं.

"माझा घे," ती म्हणाली. "मी तुडवीन."

थोरलीनं मान हलवली आणि फडक्याची गाठ मागून थोडी सैल केली.